अंजनाबद्दल दोन शब्द

स्नेहाची गर्भपिशवी काढायची, हे तिच्या सासूच्या, अंजनाच्या, वर्षाच्या पुण्यानुमोदनाच्या सकाळी वांगी चिरता चिरता पक्कं झालं. कोणी बैठक बोलावली नव्हती. आवारात ताडपत्रीवर चार-पाच बायका विळ्या घेऊन बसल्या होत्या, मधोमध देवमनची थोरली बहीण विजयमाला होती, आणि जिथे विजयमाला बसते तिथे काही ना काही ठरतंच.

देवमन ओसरीवर बायकोच्या, अंजनाच्या फोटोची काच पुसत होता. बायकांच्या अशा गोष्टी निघाल्या की पुरुषानं खाकरून उठून जायचं, ही मेडशी गावातली रीत त्याला पाठ होती. पण काचेवर कुंकवाच्या कंपनीच्या जुन्या कॅलेंडरचा गोंद चिकटला होता. तो काही निघेना. म्हणून तो बसून राहिला.

"गुरुवारची तारीख भेटली म्हणे," विजयमाला म्हणाली. "बरं झालं. हरभरा निघाला की मोकळी. पुढच्या निंदणाले पाळीची कटकट नाई."

"आत्या, डॉक्टरनं एका खेपेत कसं सांगून टाकलं?" धम्मदीपा म्हणाली. ही देवमनची मुलगी. वाशीमला एका शाळेच्या कार्यालयात नोकरीला होती आणि कालच मुक्कामाला आली होती. "रक्त तपासलं नाई, काई नाई. नुसती सोनोग्राफी पाह्यली अन् म्हणे, पिशवीवर सूज हाय, काढून टाका."

"मंग? सूज हाय त हाय. ठेवून काय लोणचं घालशीन?"

बायका हसल्या. स्नेहा हसली नाही. ती चुलीपुढे बसून कणीक मळत होती. चेहरा सुजल्यासारखा, डोळ्यांखाली काळं. फेब्रुवारीचं ऊन अंगणात उतरलं होतं, बाकीच्या बायकांनी पदर खांद्यावरून मागं टाकले होते, आणि हिनं स्वेटर घातलं होतं.

"दोन लेकरं झाली तिले," विजयमाला पुढे बोलत होती. "पिशवीचं काम लेकरं होईलोक. मंग ती नुसती पडून राह्यते. पडून राह्यली की सडते. सडली की कॅन्सर. माही काढली, कुठं काय झालं मले? अंजनाची काढली, तिले काय झालं?"

काच पुसणारा हात थांबला. फोटोतली अंजना धम्मदीपाच्या लग्नातली होती. हिरवं लुगडं, कपाळावर घाम.

"आत्या, मले बी असंच होत होतं," धम्मदीपा म्हणाली. "महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस जाय. केस गळे. वाशीमच्या डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं त थायरॉईड निंगालं. इथं गळ्यात गाठ राह्यते, तिचं कमी पडलं की पाळी बिघडते. चार वर्षं झाले गोळी घेतो, सकाळी उपाशीपोटी. झालं बंद."

"गळ्याचा अन् पिशवीचा काय संबंध वं? गळा कुठं, पिशवी कुठं!" विजयमालेनं विळीवरचा हात वर करून आधी गळ्याला लावला, मग खाली नेला. "अन् त्या हार्मोनच्या गोळ्या. आमच्या किन्हीराजात एकीनं खाल्ल्या, फुगून ढोल झाली. गोळ्या खाऊन आंग नासवण्यापरीस एकदाचं काढून टाकलेलं बरं. तू नोकरीवाली बाई, तुले खुर्चीवर बसून चालते. तिले वावरात जावं लागते."

"मी फुगलो काय?"

"तू त आधीपासूनच हायेस."

पुन्हा हशा झाला, आणि त्या हशातच गुरुवार पक्का झाला. देवमनची खात्री झाली की आता हे कोणी मोडणार नाही. तो उठला. काचेवर गोंदाचा डाग तसाच राहिला.

स्नेहाचा नवरा विनोद मांडवात खुर्च्या लावत होता. देवमन त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. बाप-लेकात बोलणं मुळात कमी. जे काही बोलायचं ते अंजनाच्या तोंडून जायचं. वर्षभरापासून ते तोंडच घरात नव्हतं.

"गुरुवारचं पक्कं हाय काय?" देवमननं विचारलं.

"हो."

"डॉक्टरीणबाईले दाखवून पाहू म्हणते धम्मी."

"बाबा, तुमी यात पडू नका. तुमाले नाई समजत." विनोदनं खुर्ची जरा जोरात आपटली. "डॉक्टर म्हणे, पुढं कॅन्सर झाला त मले इचारू नका. आपल्या घरात हे हायच."

"कोणाले होतं आपल्या घरात?"

विनोदनं खुर्ची सरळ केली. "आई बिछान्यावरच गेली ना," तो म्हणाला आणि दुसऱ्या रांगेकडे वळला. "तुमी शेवटी उठून आभार माना. दोनच वाक्यं. आल्याबद्दल धन्यवाद, अन् जेवल्याशिवाय जाऊ नका. ध्यानात राह्यन ना?"

"राह्यन," देवमन म्हणाला.

अकराच्या सुमारास भंतेजी आले. त्रिशरण-पंचशील झालं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं मांडवात दाटीनं बसली; एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्यांच्या पायाशी अंजना. परित्राणपाठ सुरू असताना देवमन डोळे मिटून बसला होता, पण त्याचं लक्ष पाठात नव्हतं. आपल्या घरात हे हायच, हे वाक्य त्याच्या डोक्यात अडकलं होतं. स्नेहा तर परक्या घरातून आलेली. अंजनाचं दुखणं तिच्या अंगात कुठून उतरेल? आणि अंजनाला तरी कॅन्सर कुठे होता?

मग दोन शब्द बोलायची वेळ आली. ही रीत सगळ्यांना आवडायची. गेलेल्या माणसाबद्दल एकेकानं उठून बोलायचं. माईक धनराजच्या हातात होता. शेजारच्या आळीतला हा धनराज. गावात कोणाचंही पुण्यानुमोदन असो, निवेदन त्याचंच. कोणी म्हणालं, बाई कष्टाळू होती. कोणी म्हणालं, तिच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली. विनोदचा एक मित्र तर अंजनाला कधी भेटलाच नव्हता. तो आईच्या मायेवर बराच वेळ बोलला आणि बसताना त्याचेच डोळे ओले झाले.

शेवटी विजयमाला उठली. तिला माईक लागत नव्हता.

"माही भावजय वाघीण होती," ती म्हणाली. "तिची पिशवी काढली ना, महिन्याभरात टाका सुकला नाई त निंदाले गेली. कधी म्हणे नाई, माहं इथं दुखते. आजकालच्या पोरी जराशा गोष्टीले भेतात. अंजनाकडून शिका म्हणा. काई होत नाई बाईच्या जातीले."

बोलताना तिची नजर स्नेहाकडे होती. बायकांच्या पहिल्या रांगेत स्नेहा खाली मान घालून बसली होती. सगळ्यांना कळलं की हे दोन शब्द कोणासाठी आहेत.

"साधु, साधु, साधु," लोक म्हणाले.

"आता अंजनाबाईंचे पती, आयुष्मान देवमनजी आभार मानतील," धनराज म्हणाला.

देवमन उठला. माईक हातात घेतल्यावर काय करायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं तो काठीसारखा धरला. धनराजनं हळूच तोंडाजवळ नेऊन दिला.

"आले त बरं वाटलं," देवमन म्हणाला. "जेवल्याबिगर जाऊ नका."

तेवढंच बोलायचं होतं. धनराजनं माईक घ्यायला हात पुढे केला. देवमननं सोडला नाही.

"सगळे बोलले, मी बी बोलतो. अंजना छत्तीसची होती तवा तिची पिशवी काढली. विजाआक्का म्हणते ते खरं हाय, महिन्याभरात निंदाले गेली. पुढचं कोणाले माईत नाई. ते मले माईत हाय."

मांडवातली कुजबुज थांबली. विनोदनं मान वर केली.

"पिशवीसंग तिच्या दोन्ही बाजूच्या गाठी बी काढल्या होत्या. अंडाशय म्हणतात त्याले. ते आमाले कोणी सांगतलं नव्हतं. ऑपरेशन झालं अन् तिच्या आंगातून आग निंघाले लागली. थंडीच्या दिवसात हे पोरं गोधडीत, अन् ती दार उघडून उंबरठ्यावर बसे. मले म्हणे, आंगातून इंगळ चालून राह्यले. पायावर पाणी टाके. एकदम घामानं भिजून जाय, अन् घडीभरानं कुडकुडे. मंग रडे. काहून रडतेस म्हटलं त म्हणे, मलेच माईत नाई. तिले वाटे आपल्याले येड लागून राह्यलं. छत्तीसाव्या वर्षी ती म्हातारी झाली. बाकीचं सांगत नाई."

कोणीतरी खाकरलं. पुरुषांच्या बाजूला दोघं जमिनीकडे पाहू लागले.

"मागच्या वर्षी ती ओसरीच्या पायरीवरून पडली. एवढीशी पायरी. खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याच्या डॉक्टरनं हाडाचा फोटो पाह्यला अन् मले म्हणे, बाईचं वय काय? म्या सांगतलं, एकावन्न. तो म्हणे, हाडं त सत्तरच्या बाईचे हायत. मंग त्यानं इचारलं, पिशवी कवा काढली? तवा त्यानं समजावून सांगतलं. त्या गाठीतून जे रस निंघते ना, ते फक्त लेकरासाठी नसते. हाडाले लागते, काळजाले लागते, झोपेले लागते. तिले उठताच आलं नाई मंग. फुफ्फुसात पाणी भरलं अन् गेली. तिले कॅन्सर-बिन्सर काई नव्हता. कोणाची चूक म्हून सांगत नाई. तिले काईच झालं नाई असं म्हणू नका, म्हून सांगून राह्यलो. तिले लय झालं."

त्यानं माईक धनराजच्या हातात दिला. धनराजला काय करावं सुचेना. सवयीनं त्याच्या तोंडातून निघालं, "धन्यवाद. आता सर्वांनी भोजनाचा लाभ घ्यावा."

कोणी उठलं नाही. बायकांच्या मागच्या रांगेतून गोमतीबाईचा आवाज आला. अंजनाच्या बरोबरीनं कितीतरी वर्षं निंदायला गेलेली ही शेजारीण.

"खरं बोलते देवमनभाऊ. निंदता निंदता उठे अन् पिण्याच्या डबकीतलं पाणी डोक्यावर वते. पिवाले पाणी उरे नाई. आमी हासो. म्हणो, अंजनाले जवानी आली." तिनं टेबलावरच्या फोटोकडे पाहिलं. "आमाले कोणी सांगतलंच नाई वं, माय."

भंतेजींनी हात जोडले आणि म्हणाले, "साधु." मग बाकीचेही म्हणाले, पण विस्कळीत, एकामागून एक.

पंगती उठल्या. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. लोक जेवले आणि नेहमीपेक्षा लवकर गेले. देवमन गोठ्याकडे गेला. तिथं आता जनावर नव्हतं, ठिबकच्या नळ्या आणि बियाण्याची रिकामी पोती होती. तो एका पोत्यावर बसला. मागोमाग विजयमाला आली.

"लाज नाई वाटली तुले? चार लोकांत बायकोच्या पिशवीच्या गोष्टी?"

"तूच काढल्या, आक्का."

"म्या वेगळ्या हिशेबानं काढल्या."

विनोद आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"बाबा, माह्या ऑफिसचे लोक होते मांडवात. तुमी मले तोंड दाखवाले जागा ठेवली नाई. दवाखान्यात तारीख सांगून ठेवली. आता काय सांगू?"

"काढाची गरज असन त काढू," देवमन म्हणाला. "म्या कुठं नाई म्हटलं? कोणाकोणाले काढावीच लागते. पण आधी रक्त तपासू. एका बाईले इचारू."

"अन् तवरोक तिले काई झालं त?" विनोदचा आवाज एकदम फाटला. "आईले नेताना बी तुमी असंच म्हटलं होतं, उद्या पाहू. एक गेली ना घरातून. दुसरी मी जाऊ देऊ काय?"

आत्तापर्यंत देवमनला वाटत होतं की पोराला घाई झाली आहे, पाळीच्या कटकटीचा कंटाळा आला आहे. पोरगं भ्यालं आहे हे त्याला आता दिसलं. त्याला उठून विनोदच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ते त्या दोघांच्या घरात कधी झालं नव्हतं. तो पोत्यावरच सरकला आणि त्यानं बाजूला जागा केली. विनोद बसला नाही, पण गेलाही नाही.

"तिले इचारलं काय तू?" देवमन म्हणाला.

"कोणाले?"

"स्नेहाले."

"तिले काय इचाराचं? तिचंच त दुखते."

मोरीवर भांड्यांचा आवाज थांबला. स्नेहा राखेच्या हातानंच गोठ्याच्या दाराशी आली. मागे धम्मदीपा होती. स्नेहानं सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायची सवय मोडली नव्हती. हात भरलेले म्हणून तिनं मनगटानंच पदर ओढला.

"मले बोलाचं हाय," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता. "मले भेव वाटते. दोन्हीचं. पाळी आली की आठ-आठ दिवस उभं राह्यवत नाई, चक्कर येते. आत्याबाई म्हणते काढली की सुटलीस. मले बी सुटाचंच हाय. म्याच ह्यायले म्हटलं होतं, घ्या तारीख."

"पाह्यलं?" विजयमाला म्हणाली.

"पण आत्याबाई, आईचं मले माईत नव्हतं. तुमी म्हणत होत्या काईच होत नाई." ती देवमनकडे वळली, पण नजर त्याच्या पायांवर होती. "मामाजी, आईले उगीच रडू येत जाय काय?"

"हो."

"अन् विसरे काय?"

"मीठ दोनदा टाके भाजीत. मंग स्वतःवरच चिडे."

"मी लग्न होऊन आलो तवा वाटे, सासू रागीट हाय. मले वाटे माह्यावर राग हाय तिचा." स्नेहानं डोळे पुसायला हात उचलला, राख दिसली, हात खाली घेतला. "मी गुरुवारी जात नाई. आधी ताईच्या डॉक्टरीणबाईकडे जातो. तिनं म्हटलं काढा, त काढीन."

विनोदनं खिशातून मोबाईल काढला, पाहिला, परत ठेवला.

"मी नाई येणार तिकडं," तो म्हणाला. "मले कामावर जाणं हाय."

"नका येऊ," स्नेहा म्हणाली. मग पहिल्यांदाच तिनं वर पाहिलं. "मामाजी, तुमी येता काय?"

विजयमालेनं डोळे मोठे केले. "सासरा? बायांच्या दवाखान्यात?"

"आईचं तेच सांगू शकते," स्नेहा म्हणाली. "मले त काई माईतच नाई."

देवमनला नाही म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि "येतो" म्हणाला.

दिवस कलताना विजयमाला निघाली. किन्हीराजाच्या गाडीला वेळ होता. फाट्यापर्यंत तिची थैली घेऊन देवमन बरोबर चालला. ती रागावलेलीच होती, चार पावलं पुढे चालत होती. फाट्यावर लिंबाच्या सावलीत उभं राहिल्यावर तिनं रस्त्याकडे पाहत विचारलं, "अंजना ते पाणी टाके पायावर. माठाचं टाके का साधं?"

"माठाचं. काहून?"

"असंच."

एक ट्रक गेला. धुरळा बसेपर्यंत तिनं पदर तोंडाशी धरला.

"साध्यानं नाई जात ते," ती म्हणाली. मग घाईघाईनं, "धम्मीची डॉक्टरीण कोण्या गल्लीत बसते म्हणे?"

देवमननं बहिणीकडे पाहिलं. घरातला सगळा निवाडा करणारी ही बाई, तिच्या मानेवर कलत्या दिवसाच्या गारव्यातही घाम होता. इतक्या वर्षांत तिनं कधी उंबरठ्यावर बसल्याचं सांगितलं नव्हतं. त्यानं गल्ली सांगितली. ती मनाशी एकदा म्हणाली आणि एसटीत चढली.

सोमवारी सकाळी विनोदनं मोटारसायकल काढली नाही. तो त्यांच्यामागे पायी स्टँडवर आला. गाडी लागली तेव्हा त्यानं हातातली कॅरीबॅग देवमनच्या हातात कोंबली. तिच्यात सोनोग्राफीची फिल्म होती. "हे बी दाखवा," तो म्हणाला. "अन् काय म्हणे ते मले फोन करून सांगा. लगेच सांगा." गाडी हलली तरी तो तिथंच उभा होता.

वाशीमच्या त्या दवाखान्यात बाकावर सगळ्या बायकाच होत्या. कोणाचं पोट पुढं आलेलं, कोणाच्या मांडीवर लेकरू. देवमन भिंतीला टेकून उभा राहिला. एका म्हातारीनं त्याला जागा केली. त्यानं मान हलवली. स्नेहाचं नाव पुकारलं गेलं तसा तो मागे सरला, पण स्नेहा दारात थांबली आणि तिनं वळून पाहिलं. मग तो आत गेला.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या होत्या. त्यांनी स्नेहाच्या खालच्या पापण्या पाहिल्या, गळा चाचपला, हातांची थंड बोटं हातात घेतली. फिल्म उजेडाला धरून पाहिली.

"यात लगेच काढण्यासारखं मला तरी काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण नुसतं बघून मी सांगणार नाही. रक्त तपासू. थायरॉईड, हिमोग्लोबिन, सगळं. आतली तपासणी करू. त्यात काय येतं त्यावर गोळ्या. गोळ्यांना दोन-तीन महिने द्यावे लागतील. नाहीच आटोक्यात आलं तर ऑपरेशनचा विचार, तोही अंडाशयाच्या गाठी शाबूत ठेवून. चालेल?"

"चालन," स्नेहा म्हणाली.

"घरात कोणाला असा त्रास होता?"

"नणंदेले हाय थायरॉईड."

"नणंदेचं नको, तुमच्या रक्ताचं. आई, बहीण, मावशी?"

स्नेहा गोंधळली. इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. "माह्या आईचा गळा सुजेल राह्यते," ती हळूच म्हणाली. "आमाले वाटे पाणी बदललं म्हून."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांचं लक्ष दाराशी उभ्या देवमनकडे गेलं.

"हे कोण?"

"सासरे."

"बरं. काका, तुम्ही जरा बाहेर बसता का? मला आता यांना पाळीचं सविस्तर विचारायचंय."

देवमनचा हात कडीकडे गेला. त्याला सुटल्यासारखं झालं.

"राहू द्या त्यायले," स्नेहा म्हणाली. तिनं पदर सारखा केला. "माह्या सासूचं बी इचाराचं हाय. ते मले नाई सांगता येणार."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पेनानं समोरची दुसरी खुर्ची दाखवली. देवमन तिच्या कडेवर बसला. कॅरीबॅग त्यानं मांडीवर धरली.

"सांगा," त्या स्नेहाला म्हणाल्या. "मागची पाळी कधी आली होती?"

स्नेहा सांगू लागली. देवमनचे कान तापले. तो समोरच्या भिंतीकडे पाहू लागला, पण उठला नाही.